ड्रेन बोल्टला एमसील निघालं तर? मेकॅनिकची चूक घरी सापडल्यावर काय करायचं

घरी बाईकचं ऑइल बदलायला बसलात, खाली ट्रे सरकवला, १७ नंबरचा पाना लावला आणि ड्रेन बोल्ट (इंजिनच्या तळाचा, जुनं तेल काढायचा बोल्ट) एकतर नुसताच गरागरा फिरतोय पण बाहेर येत नाही, नाहीतर बाहेर आला तो पांढऱ्या टेफ्लॉन टेपच्या चिंध्या घेऊन आणि वॉशरच्या जागी राखाडी एमसीलचा थर. म्हणजे आधी कुणीतरी चेंबरचे (इंजिनच्या खालच्या, तेल साठणाऱ्या भागाचे) आटे घालवलेत आणि तुम्हाला एका शब्दाने न सांगता गाडी धुवून पुसून परत दिलीय. घरी काम करणाऱ्यांना मेकॅनिकच्या ज्या चुका सापडतात त्यात ही फार कॉमन आहे, म्हणून सगळं याच उदाहरणावर सांगतो, बाकीच्या चुकांबद्दल शेवटाकडे थोडक्यात.

माझं मत आधीच सांगून टाकतो. आटे कुणाकडूनही जाऊ शकतात, चांगल्या हातांकडूनही जातात. पण गेलेले आटे टेपखाली लपवून गाडी देणं ही वेगळी गोष्ट आहे आणि पुढे त्या माणसाशी कसं बोलायचं, काम त्याच्याकडेच करायचं की नाही, हे सगळं याच फरकावर ठरतं.

आधी हे होतं कसं ते बघू. १०० ते १५० सीसीच्या बऱ्याच गाड्यांना, विशेषतः स्प्लेंडर, शाईन, युनिकॉर्न या घराण्यात, ड्रेन बोल्ट १२ मिलिमीटरचा असतो, पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १.५ मिलिमीटर. बोल्ट स्टीलचा आणि चेंबर अॅल्युमिनियमचं, त्यामुळे भांडण झालं की हरणार कोण ते ठरलेलंच. मॅन्युअलमध्ये या बोल्टचा टॉर्क, म्हणजे किती जोराने आवळायचा तो आकडा, साधारण २४ ते ३० न्यूटन मीटरच्या दरम्यान दिलेला असतो (तुमच्या गाडीचा आकडा तुमच्या मॅन्युअलमध्येच बघा). ३० न्यूटन मीटर म्हणजे २५ सेंटीमीटर लांब पान्याच्या टोकाला फक्त १२ किलोच्या आसपास जोर, बस. आता गॅरेजमधला पोरगा त्याच पान्यावर पाईप चढवतो, लांबी होते अर्धा मीटर, आणि त्यावर ३० किलो भार टाकला तरी दीडशे न्यूटन मीटर झाले, म्हणजे पाचपट. आणि तो एवढा जोर का लावतो? कारण अॅल्युमिनियमचा क्रश वॉशर एकदा चेपला की परत नीट सील धरत नाही, तो दर वेळी बदलायचा असतो, पण दहा-वीस रुपयांचा वॉशर बदलायचा कंटाळा, मग तेल पाझरतं, मग अजून आवळा, पुढच्या सर्व्हिसला अजून थोडा आवळा. तीन-चार सर्व्हिसमध्ये आटे खलास.

अजून एक कारण आहे जे फारसं कुणी बोलत नाही. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा साधा एम १२ (म्हणजे १२ मिलिमीटरचा) बोल्ट १.७५ पिचचा असतो, आणि चेंबरमध्ये आटे १.५ चे. बोल्ट हरवला म्हणून कुणी दुकानातून तसलाच आणून पान्याने दामटला की पहिल्या दोन-तीन फेऱ्यातच काम तमाम. दिसायला दोन्ही बोल्ट अगदी सारखे.

तर सापडल्यावर पहिलं काम म्हणजे थांबायचं. हात थांबवायचे, तोंडही थांबवायचं, लगेच मेकॅनिकला फोन लावून शिव्या द्यायच्या नाहीत. बोल्ट अजून उघडला नसेल पण बाहेरूनच एमसील किंवा टेप दिसत असेल तर त्या दिवशी उघडूच नका, खासकरून रविवारी संध्याकाळी, कारण एकदा तो निघाला की परत बसेलच याची खात्री नाही आणि सोमवारी ऑफिसला रिक्षाने जावं लागेल. दुकानं आणि लेथवाला चालू असतील अशा दिवशी सकाळी उघडायचं.

उघडून झाला असेल तर मोबाईल काढा आणि काहीही पुसण्याआधी फोटो घ्या. ओडोमीटरचा एक, बोल्ट जागेवर असतानाचा असेल तर एक, बाहेर काढलेल्या बोल्टचा जवळून एक (आट्यात अडकलेला चंदेरी अॅल्युमिनियमचा चुरा किंवा तार दिसली पाहिजे), भोकाचा टॉर्च मारून एक. एखादा मिनिटभराचा व्हिडिओ पण काढा, त्यात बोल्ट हाताने आत घालून कसा डुलतोय ते दाखवा. जुना बोल्ट, वॉशर, टेपच्या चिंध्या सगळं एका प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा, फेकू नका. मागच्या सर्व्हिसचं बिल शोधा, बिल नसेल तर निदान गुगल पे, फोन पे वर तारीख आणि रक्कम असेल त्याचा स्क्रीनशॉट घ्या. आणि हे सगळं आत्ताच करायचं, कारण तुम्ही स्वतः साफसफाई करून नवीन बोल्ट लावलात की समोरचा सरळ म्हणणार, साहेब तुम्हीच घरी उघडलं, तुमच्याकडूनच गेलं असणार. आणि त्याचं ते म्हणणं खोडायला तुमच्याकडे काहीच उरलेलं नसतं.

बोल्ट नुसता फिरत असेल आणि बाहेर येत नसेल तर बोल्टच्या डोक्याखाली पातळ चपटा स्क्रू ड्रायव्हर अलगद घालून बाहेरच्या बाजूला हलका दाब द्यायचा आणि त्याच वेळी पाना उलटा फिरवायचा, बहुतेक वेळा निघतो. हातोडी नको. सील बसते ती चेंबरची चपटी जागा खरवडली गेली तर एकाच्या दोन भानगडी.

आता नक्की किती नुकसान झालंय ते बघायचं. बोल्ट रॉकेल किंवा डिझेलमध्ये ब्रशने साफ करा, भोक सुती फडक्याने पुसा, आणि बोल्ट फक्त बोटांनी आत फिरवा. चांगले आटे असतील तर बोल्ट डोकं टेकेपर्यंत बोटांनीच जातो, पाना लागतच नाही. दीडचा पिच म्हणजे एका फेऱ्याला दीड मिलिमीटर आत, त्यामुळे बोल्टच्या आट्यांची लांबी मोजली की किती फेरे पकडले पाहिजेत ते कळतं. सुरुवातीचे फेरे पोकळ जातायत आणि आत पुढे पकडतोय, की कुठेच पकडत नाही, की मध्येच अडकतोय? अडकत असेल तर कुणीतरी वाकडा घातलाय. सुट्ट्या बोल्टचा व्हर्नियरने व्यास पण मोजा. १२ पेक्षा थोडा कमी भरला तर ओरिजिनल साईज, १२ च्या वर भरला आणि टोकाला उभ्या खाचा दिसल्या तर तो ओव्हरसाईज बोल्ट आहे, म्हणजे आटे तुमच्या कल्पनेपेक्षा बरेच आधी गेलेत आणि एक जुगाड आधीच होऊन गेलाय.

इथे जरा प्रामाणिकपणे विचार करायचा. गाडी सेकंडहँड आहे का? मध्ये पेट्रोल पंपाशेजारच्या कुणाकडून ऑइल बदललं होतं का? मागच्या दोन-तीन वेळेला वेगवेगळ्या ठिकाणी टाकली होती का? आटे नक्की कुणी घालवले ते बऱ्याच वेळा सिद्ध होत नाही. पण एक गोष्ट मात्र पक्की असते, ज्याने शेवटचं ऑइल बदललं त्याने तो बोल्ट हातात धरलेला आहे. टेप त्याने लावली असेल किंवा आधीच असेल, दोन्ही केसमध्ये त्याने बघितली आणि सांगितलं नाही. तेव्हा त्याला प्रश्न विचारताना "तू आटे घालवलेस" असं नको, "मागच्या वेळी काढला तेव्हा हा बोल्ट कसा होता?" असं विचारायचं. या प्रश्नाला नाही म्हणता येत नाही. एकतर तो सांगतो की हो, तेव्हाच लूज होता म्हणून टेप मारली, नाहीतर गडबडतो.

जायचं कधी तेही महत्त्वाचं. सकाळी दहाला गॅरेजपुढे गाड्यांची रांग असते, चार गिऱ्हाईकांसमोर तुम्ही बोललात की तो हट्टालाच पेटणार, त्याची इज्जत असते ना. दुपारी तीन-चारला जा, चहा होऊ दे, आणि मग फोटो दाखवा. "दादा, राग नाही, पण हे बघा काय निघालं. आता हेलिकॉइल टाकावं लागणार, ते तुम्ही करून देताय की अर्धा-अर्धा खर्च करूया?" इतकं सरळ. (हेलिकॉइल म्हणजे गेलेल्या आट्यांच्या जागी बसवायचं तारेचं कॉइल, खाली सांगतो.) ओळखीचा नाक्यावरचा मेकॅनिक असेल तर दहातले बरेच जण इथेच मान्य करतात. "अहो साहेब सगळ्या गाड्यांचं असंच असतंय, काही होत नाही" असं उत्तर आलं तर मात्र समजून जायचं की काम याच्याकडे करायचं नाही, फुकटात करून देतो म्हणाला तरी नाही. कारण ज्याला टेप चालते त्याचं हेलिकॉइल पण तसलंच बसणार.

कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये झालं असेल तर तिथे चहाबिहा विसरा, तिथे कागद चालतो. सर्व्हिस अॅडव्हायझरला फोटो दाखवून नवीन जॉब कार्ड बनवायला लावा आणि तक्रारीच्या रकान्यात "ड्रेन बोल्टचे आटे खराब, टेप लावलेली आढळली" हे शब्द लिहून घ्या. नुसतं "ऑइल लीकेज" लिहिलं की पुढे तो नवीन प्रॉब्लेम ठरतो आणि त्याचं बिल तुमच्याच नावाने फाटतं. ते कदाचित पूर्ण क्रँककेस (इंजिनचं खालचं अख्खं कव्हर, चेंबर त्याचाच भाग) बदलावी लागेल म्हणून मोठं एस्टिमेट देतील, घाबरायचं नाही, नुसत्या गेलेल्या आट्यांसाठी क्रँककेस बदलायची सहसा गरज नसते. चेंबरला तडा असेल तरच तो विषय. गाडी वॉरंटीत असेल तर मात्र बाहेरच्या लेथवाल्याकडे हात लावायला देऊ नका, आधी त्यांच्याकडूनच लेखी उत्तर घ्या.

आता दुरुस्ती. चेंबरचे आटे ठीक असतील आणि फक्त बोल्ट खराब असेल तर नवीन ओरिजिनल बोल्ट आणि नवीन वॉशर, प्रश्न मिटला. आट्यांवर थोडा चुरा बसलाय, एखादा आटा दबलाय, एवढंच असेल तर एम १२ बाय १.५ चा टॅप (आटे पाडायचं हत्यार) ग्रीस लावून हाताने हळू फिरवायचा, अर्धा फेरा पुढे पाव फेरा मागे, आटे साफ होतात. पूर्ण गेले असतील तर हेलिकॉइल. हे स्टेनलेसच्या तारेचं स्प्रिंगसारखं कॉइल असतं, भोक साधारण साडेबारा मिलिमीटरचं ड्रिल करतात, त्यात हेलिकॉइलचा खास टॅप मारतात आणि कॉइल आत फिरवून बसवतात, आतून पुन्हा ओरिजिनल १२ चा बोल्टच लागतो. अॅल्युमिनियमपेक्षा स्टेनलेसचे आटे दर वेळी बोल्ट काढ-घाल करायला जास्त टिकाऊ, त्यामुळे नीट बसवलं तर पहिल्यापेक्षा मजबूत होतं असं म्हटलं तरी चालेल. एमआयडीसीच्या आसपास कुठल्याही लेथवाल्याकडे किंवा इंजिनच्या मशीनिंगचं काम करणाऱ्याकडे हे होतं आणि काही शे रुपयांत होतं. पिंपरी-चिंचवड, भोसरी, कोल्हापूरच्या शिरोली-गोकुळ शिरगाव, नाशिकच्या सातपूर-अंबड भागात राहत असाल तर शोधायला लागणारच नाही.

पण समोर उभं राहून करून घ्या, कारण हेलिकॉइल टाकतानाच नवीन चूक व्हायला भरपूर जागा आहे. एक तर ड्रिल सरळ गेलं पाहिजे, वाकडं भोक म्हणजे वॉशर एका बाजूनेच टेकणार आणि जन्मभर पाझरणार. दुसरं म्हणजे चुरा. तो अॅल्युमिनियमचा, त्यामुळे चुंबकाला चिकटत नाही, चुंबक फिरवून झालं साफ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. ड्रिल आणि टॅपला घट्ट ग्रीस लावायचं म्हणजे चुरा त्यात अडकून बाहेर येतो, दर एक-दोन फेऱ्यांनी टॅप काढून पुसायचा. भोक खालच्या बाजूला आहे हे आपलं नशीब, बराचसा चुरा खालीच पडतो, उरलेल्यासाठी काम झाल्यावर बोल्ट न लावता वरून अर्धा लिटर स्वस्तातलं ऑइल ओतून खालून वाहू द्यायचं. कॉम्प्रेसरची हवा भोकातून आत मारू देऊ नका, चुरा थेट इंजिनात. तिसरं, कॉइलच्या टोकाला एक आडवी दांडी असते जिला धरून ते फिरवतात, बसवल्यावर ती तोडतात, ती तुटलेली दांडी हातात आलेली बघा. आत राहिली तर स्टेनलेस असल्यामुळे तिलाही चुंबक नीट ओढत नाही. आणि शेवटचं, कॉइल चेंबरच्या पृष्ठभागापेक्षा किंचित आत बसलं पाहिजे, वर आलं तर वॉशर त्याच्यावर टेकतो आणि गळती चालूच.

स्वतः करायचं असेल तर किट मिळतं, फक्त पिच १.५ आहे का ते दोनदा बघून घ्या. ज्यांनी आधी कधी टॅप हातात धरला नाही त्यांनी स्वतःच्या चेंबरवर शिकू नये असं मला वाटतं. भंगारातला अॅल्युमिनियमचा तुकडा घेऊन आधी त्याच्यावर एकदा करून बघा, मग ठरवा.

ओव्हरसाईज बोल्टला मी ठाम विरोधात नाही, गाडी गावाला अडकली आणि घरी आणायचीय तर चालेल. पण तो स्वतःचे आटे स्वतः कापत आत जातो, जरा तिरका शिरला की चेंबरला तडा जायची भीती, आणि दर वेळी काढताना अजून थोडं अॅल्युमिनियम खाणार. एमसील आणि टेफ्लॉनबद्दल मात्र चर्चाच नको. आट्यांनी बोल्ट धरायचा आणि वॉशरने तेल, एमसीलला दोन्ही जमत नाही, वर गरम-थंड होऊन त्याचे तुकडे पडतात. टेपचे धागे आत गेले तर ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतात, म्हणजे वाचवले वीस रुपये आणि पणाला लावलं अख्खं इंजिन. आणि बोल्ट चालत्या गाडीत निसटला तर सगळं तेल मागच्या टायरखाली, इंजिन सीझ (तेलाविना जाम) व्हायच्या आधी तुम्हीच रस्त्यावर. त्यामुळे एमसीलवाली गाडी "सध्या गळत नाहीये ना" म्हणून हायवेला काढायची नाही.

परत लावताना चेंबरची चपटी जागा आणि बोल्ट पुसून कोरडे करा, नवीन वॉशर टाका, बोटांनी शेवटपर्यंत फिरवा, मग टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोरापर्यंतच आवळायचा पाना). अर्ध्या इंची मोठे रेंच बरेचसे २८ च्या आसपास सुरू होतात, २४ साठी छोटा लागेल, मित्राकडून मागून आणा. नसेलच तर पाना डोक्याजवळ आखूड धरून मनगटाने आवळा, खांदा वापरायचा नाही. ऑइल मॅन्युअलमधल्या ग्रेडचं आणि तिथे दिलं असेल तेवढंच भरा, इंजिन तीन-चार मिनिटं चालवा, बंद करून दोन-तीन मिनिटं थांबा आणि मग लेव्हल बघा, होंडाच्या गाड्यांना डिपस्टिक (तेलाची पातळी बघायची दांडी) आवळायची नाही, नुसती टेकवून बघायची. रात्रभर खाली पुठ्ठा ठेवा, मग पन्नासेक किलोमीटर जवळपासच फिरवून परत बोल्टला बोट लावून बघा.

बाकीच्या चुका सापडल्या तर? तिथे एकच भेद करायचा, ब्रेक, चाक आणि हँडलशी संबंधित असेल तर गाडी चालवत मेकॅनिककडे न्यायची नाही, त्यालाच घरी बोलवा किंवा टेम्पोत टाका. मागच्या अॅक्सलच्या नटाची किंवा ब्रेकच्या टॉर्क रॉडची स्प्लिट पिन गायब असणं हे फार सापडतं, फोटो काढा, नट तपासा आणि नवीन पिन टाकून दोन्ही पाय वाकवा, पिन मिळते अगदी किरकोळ पैशात, जुनीच सरळ करून घालू नका. चेन लॉकची क्लिप उलटी असते, तिची बंद बाजू चेन ज्या दिशेने पळते त्या दिशेला हवी, उघडी बाजू मागे. चेन ताणून तारेसारखी केलेली असते, बऱ्याच छोट्या गाड्यांना मध्यभागी २० ते ३० मिलिमीटर खेळ लागतो. स्पार्क प्लग वाकडा घातलेला निघाला तर ते मात्र घरी अजिबात करू नका, तिथला चुरा थेट सिलिंडरमध्ये पडतो, खालून वाहून जायची सोय नाही.

आणि समोरचा काहीच मान्य करत नसेल तर? काही शे रुपयांच्या हेलिकॉइलसाठी भांडत बसू नका, मेकॅनिक बदला. पण त्या चुकीमुळे इंजिन सीझ झालं, खर्च हजारोंत गेला, तर सोडायचं पण नाही. दुसऱ्या गॅरेजकडून काय बिघडलं आणि कशामुळे ते लेटरहेडवर लिहून घ्या, आधी सर्व्हिस सेंटरला आणि कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल करा, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५. तिथेही नाही जमलं तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाईन होते, दोन वर्षांच्या आत करायची, आणि तुम्ही मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. वकील लावलाच पाहिजे असं नाही. फक्त बिल लागतं, म्हणून पुढच्या वेळेपासून "बिल नको, शंभर कमी करतो" ला हो म्हणू नका.

पुढच्या सर्व्हिसला गाडी बाहेर टाकणारच असाल तर वॉशर स्वतःच्या खिशात घेऊन जा, बोल्ट काढताना तिथेच उभे राहा, आणि आवळून झाला की पेंट मार्करने बोल्टच्या डोक्यावरून चेंबरवर एक सरळ रेघ मारा. नंतर कुणी तो बोल्ट उघडला किंवा तो आपोआप ढिला होत गेला तर रेघ जुळत नाही, लगेच कळतं.